नवमीचा कौल

रामचंद्राची जीप साखळीहून हळर्णच्या देसायांच्या दारात आली तेव्हा कमलाक्षी खतखत्याच्या मिसळ भाजीसाठी सुरण सोलत होती. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता आणखी सुरण लागणार. दीर दहा महिन्यांनी घराची पायरी चढतोय याचा आनंद व्हायला हवा होता, पण आठ दिवस एकभुक्त राहिलेल्या बाईला आनंद करायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं. तिने हाताला आमसुलाचं पाणी चोळलं आणि जनेलातून बघितलं. रामचंद्र उतरला, मागून त्याची बायको सरस्वती उतरली. हातात एक नारळ, बाकी मोकळे हात. बरं, पाहुणे म्हणून आलेत तर.

"वैनी, बऱ्या आसात मा?" रामचंद्राने वाकून नमस्कार केला.

"जिती आसंय," ती म्हणाली. "पाय धुवा. चाय ठेवतंय."

"माका साखर नको हां," सरस्वती म्हणाली. "आणि वैनी, वायच काम असला तर सांगा, पण उबी रवान नको. डॉक्टरान सांगलानी, पायांक सूज येता."

काम आणि तेही बसून! कमलाक्षीने तिच्यापुढे ओला नारळ आणि विळी सरकवली आणि चुलीकडे वळली.

हे सगळे जमले होते ते उद्याच्या दसऱ्यासाठी. यंदा दसरा नेमका गांधीजयंतीला आला होता, आणि त्यावरून गावात थट्टाही चालली होती की देसायांची तलवार निघाली तर पोलीस धरतील. पण देसायांच्या घरात कोणी हसत नव्हतं. मूळपुरुष सोमाजीराव देसायांची तलवार दसऱ्याला घरातून निघून भगवतीच्या देवळात जायची, ती घरच्या कर्त्याच्या उजव्या हातात. आणि कर्त्याचा, म्हणजे कमलाक्षीच्या नवऱ्याचा, उजवा हातच आषाढात गेला होता. कृष्णनाथांच्या अंगावरून वारं गेलं, तोंड वाकडं झालं, शब्द तोंडातल्या तोंडात राहू लागले. एकेकाळी ज्या मास्तरांच्या आवाजाने शाळेची कौलं हलत, ते आता मधल्या घरात कदेलीवर, म्हणजे हातांच्या खुर्चीवर, बसून डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवत असत. तलवार कोणी घ्यायची, हा आजचा प्रश्न होता.

कदेलीच्या एका बाजूला मुलगा किरण बसला होता. तो पणजीला सचिवालयात नोकरीला, काल रात्रीच्या बसने आलेला. दुसऱ्या बाजूला रामचंद्र बसला. काका-पुतण्यांनी एकमेकांकडे बघून मान हलवली, इतकंच. गेल्या डिसेंबरात भाषेची चळवळ पेटली, बंद झाले, रस्त्यांवर झाडं आडवी पडली, तेव्हा हे दोघे याच घरात कडाकडा भांडले होते. काका कोकणीचा, पुतण्या मराठीचा. गंमत म्हणजे ते सगळं भांडण दोघांनी एकाच भाषेत केलं होतं, जी घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलतात तीच. नंतर राजभाषेचा कायदा झाला, मेमध्ये गोवा राज्य झालं, पेढे दोघांनीही वाटले, पण एकमेकांना दिले नाहीत.

"दादा," रामचंद्राने सुरुवात केली, "हात चलाना झालो की मान धाकट्याकडे येता. ह्या गावचो दंडक आसा."

"थोरल्याचा मुलगा असताना नाही," किरण म्हणाला.

"तू पणजेक रवतंस रे बाबा."

"आणि तुम्ही साखळीला. साखळी काय हळर्णच्या वाड्यावर आहे?"

"माझे सुर्ल्याच्या खाणीर ट्रक चलतत, पन्नास माणसां हाताखाली आसत. माझ्या हातात तलवार शोभात तरी. तुझ्या हातात सरकारी पेन."

"शोभेसाठी हवी होय तुम्हाला! सांगा ना सरळ, पुढच्या निवडणुकीला फोटो हवा."

"पोरांनो," कोपऱ्यातून भटजी म्हणाले. म्हातारा माणूस, हात सतत थरथरणारे. "तलवारीचं मी बघतो, कौल लावू. पण पुढच्या वर्षापासून दिव्याचं काय? ते आधी बोला."

देसायांकडे तलवार एकटी जात नाही. ज्याच्या हातात तलवार, त्याच्या बायकोकडे दिवा. नवरात्राचे नऊ दिवस तलवारीपाशी समई तेवत ठेवायची, विझू द्यायची नाही. तिन्हीसांजेला एकदाच जेवायचं, तेही दूधभात. अंथरुणाला पाठ लावायची नाही, चटईवर कलंडायचं. आणि उंबरठा ओलांडायचा नाही. उद्या मिरवणूक निघाली की ढोल-ताशे तलवारीपुढे. दिव्यापुढे कोण ढोल वाजवणार?

"माझी शुगर," सरस्वतीने आतूनच सांगितलं. "उपाशी रवलंय तर पडतंय. मागच्या एकादशीक पडलंयच."

"पूजाची शाळा असते," किरण आपल्या मास्तरीण बायकोच्या वतीने म्हणाला. "सहामाही परीक्षा नेमकी याच दिवसांत. नऊ दिवस रजा कोण देणार तिला?"

रामचंद्राने मिशीवरून हात फिरवला. किरणने नखं बघितली. आणि मग दोघांची नजर एकाच वेळी स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

"तशी आई आहेच," किरण म्हणाला.

"वैनी आसातच की!" रामचंद्र म्हणाला. "वैनींक सवय आसा. तलवार खंयच्याय हातात जावं, दिवो हयसरच रवंदे."

"तेच म्हणतो मी. एक वर्ष तुम्ही घ्या काका, एक वर्ष मी."

"यंदा तू घे. थोरल्याचो झील तू."

"छे छे, यंदा तुम्ही. मोठे आहात."

बघा, कसं जमलं! जो समेट दहा महिन्यांत, चार मध्यस्थांना आणि एका गणपतीला जमला नाही, तो दोन मिनिटांत झाला. काकांनी पुतण्याच्या पाठीवर थाप मारली, पुतण्या हसला. कृष्णनाथांनी काही तरी म्हणायला ओठ हलवले, पण शब्द जमेपर्यंत सगळे दुसरं बोलायला लागले होते. आणि कमलाक्षी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात पळी. तिला कोणी विचारलं नव्हतं. चौतीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं, मग आजच कशाला विचारतील?

तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिला सुर्ल्याची आपली आई आठवली. सतरा वर्षांपूर्वी नवरात्राच्या पाचव्या दिवशी निरोप आला होता की आई गेली. कमलाक्षीचं माहेर इथून काही सातासमुद्रांपार नव्हतं. पण समईत वात होती आणि पुढ्यात उंबरठा होता. कृष्णनाथांनी निरोप ऐकला, थोडा वेळ उभे राहिले, समईत तेल किती आहे ते बघितलं आणि काही न बोलता शाळेत गेले. ती तिथेच समईजवळ बसून रडली. तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. आता साठीला टेकली, आणि हे लोक पुढची वर्षं वाटून घेत होते.

"वैनी, तुमी आता बसा गो वायच," सरस्वती खोबऱ्याचं ताट घेऊन बाहेर आली. "खतखता शिजात आपला आपण. गजालीची वेळ झाली."

नवमीला दुपारच्या जेवणाआधी सोमाजीरावांची हकिकत वाचायची, ही या घरची आणखी एक चाल. दरवर्षी कृष्णनाथ वाचत, खड्या आवाजात, आणि बाया त्या वेळी स्वयंपाकघरात असत. कमलाक्षीला त्यातल्या तोफा माहीत होत्या, कारण तोफांपाशी नवऱ्याचा आवाज चढे. बाकी काय चाललंय ते फोडणीत विरून जाई. आज वाचायला किरण बसला. त्याचा आवाज बारीक, म्हणून सगळे जवळ सरकले, आणि कमलाक्षीही भिंतीला टेकून बसली. बसायला मिळतंय तर बसावं, एवढाच विचार.

सासऱ्यांनी उतरवून ठेवलेली वही होती ती. किरण वाचू लागला. सोमाजी पंधराव्या वर्षी वाडीकर सावंतांच्या चाकरीत गेला. विसाव्या वर्षी घोडा मिळवला. तिशीत हळर्णच्या किल्ल्यावर किल्लेदारी मिळाली. फिरंगी चालून आले, दोन दिवस तोफा चालल्या, दरवाजा पडला, आणि सोमाजीराव जखमी होऊन कैद झाले. फिरंग्यांनी त्यांना आग्वादच्या बंदीखान्यात टाकलं. सहा वर्षं ते तिथे होते.

"'तेव्हा त्यांची भार्या गंगाबाई,'" किरण वाचत होता, "'हिने देवीस गाऱ्हाणे घातले, की आई, माझे कपाळीचे कुंकू बंदीतून सुटोन घरास येई तोवरी नवरात्री नऊ दिवस तलवारीपाशी दिवा विझो देणार नाही, एक वेळ अन्न घेईन, अंथरुणास पाठ लावणार नाही, उंबरठ्याबाहेर पाय ठेवणार नाही. सहावे वर्षी सोमाजीराव सुटोन आले. गावाने वाजतगाजत आणिले. पुढील वर्षी फिरंगियांचीच चाकरी धरिली, त्यात इनाम मिळाले. मग डिचोलीचे घराण्यातील दुसरी—'"

"थांब," कमलाक्षी म्हणाली.

सगळे थांबले. तिचा आवाज या खोलीत ऐकायची कोणाला सवय नव्हती.

"ता मागचा परत वाच. गंगाबायचा."

किरणने परत वाचलं. ती नीट ऐकत राहिली.

"आले मा ते सुटान?"

"आले की. लिहिलंय ना, सहाव्या वर्षी."

"मगे दिवो कित्याक?"

रामचंद्र हसला. "वैनी, ती रूढी."

"रूढी नाय ती, नवस. सुटान येयसर म्हणान बोललली ती. तो इलो, इनाम घेतल्यान, दुसरा लगीन केल्यान. मगे गंगाबायन नवस फेडलो खय? वाच, पुढे आसा काय बघ."

किरणने पान उलटलं, आणखी एक उलटलं. "पुढे... दुसऱ्या लग्नाचं आहे. मग तिसऱ्या. मग पुन्हा एक लढाई. मग ताप येऊन वारले."

"भटजी, तुमी सांगा. नवस पावलो की काय करतत?"

भटजींनी पंच्याने तोंड पुसलं. "फेडतात. देवीची ओटी भरायची, नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालून सांगायचं की आई, तू पावलीस, आमची सुटका कर. नाहीतर तो चालूच राहतो." त्यांनी वहीकडे बघितलं. "इथे ते झालेलं दिसत नाही खरं."

"इसरले," कमलाक्षी म्हणाली. "वाजपाच्या गडबडीत इसरले! दोनशे वर्सां आमी पावल्लो नवस पाळतंव. माझी सासू, तिची सासू, तिची सासू. आणि तुमी हयसर बसान माझी पुढची वर्सां वाटून घेतास."

"आई, असं कसं म्हणतेस," किरण लाल झाला. "आम्ही तुझ्याच—"

"तू गप. तुझ्या बायलेची परीक्षा आसा, माका म्हायत आसा. माझी कधी सुटी झाली ती सांग."

"वैनी, दिवो गेलो तर तलवारीची शान काय रवली?" रामचंद्राचा आवाज आता मऊ नव्हता. "लोक काय म्हणतले? देसायांच्या बायलांक आता जमणा नाय म्हणतले."

"म्हणांदे. नाय जमणा. थकलंय मी, रामचंद्रा." हे बोलताना तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत. "भटजी, कौल लावतंय. देवीकच विचारतंय."

यावर नाही कोण म्हणणार? देवीला विचारायचं म्हटल्यावर देसायांच्या घरात सगळ्यांची तोंडं बंद होतात. देवघरात काळ्या पाषाणाची हातभर उंचीची भगवती होती. कमलाक्षीने परडीतल्या पिटकोळीच्या कळ्या घेतल्या. भटजींचे हात थरथरतात म्हणून गेली चार वर्षं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायचं काम तीच करत होती, आणि त्यामुळे तिला एक गोष्ट माहीत होती जी बाकी कोणाला माहीत नव्हती. कळी कमी ओली केली की वाळून लवकर पडते. भरपूर भिजवली की चिकटून राहते. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी नुसतं ओलं बोट लावून चिकटवली असती तर पाव तासात सुटका होती.

तिचा हात पाण्याच्या वाटीवर थांबला. मग तिने उजवी कळी वाटीत पूर्ण बुडवली. डावीला फक्त बोटाचं पाणी लावलं. उद्या कोणी म्हणायला नको, आणि मुख्य म्हणजे आपल्याच मनाने म्हणायला नको. चौतीस वर्षं प्रामाणिकपणे काढल्यावर माणूस असाच मूर्ख होऊन बसतो.

"गाऱ्हाणं कोण घालणार?" भटजींनी विचारलं. हे पुरुषांचं काम. कृष्णनाथांना बोलता येत नव्हतं, रामचंद्राने भिंतीकडे बघितलं, किरणने वहीकडे.

"मीच घालतंय," ती म्हणाली आणि हात जोडले. "आई भगवती, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमली आसत. गंगाबायन नवस केलो, तू पावलंस. ता तुका सांगूक आमी इसरलो, चूक आमची, पदरात घे. आता हो नवस पुरो झालो म्हणशी तर उजवो दी. नाय तर डावो दी."

गाऱ्हाण्याला साथ द्यायची असते. पुरुष गप्प. मग मागून, नारळाचा चुरा लागलेले हात जोडून, सरस्वती म्हणाली, "व्हय म्हाराजा." रामचंद्राने वळून तिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली घातली नाही.

मग वाट बघणं. कौल मिळेपर्यंत कोणी जेवायचं नाही. बारा वाजले. स्वयंपाकघरातून खतखत्याचा तिरफळाचा वास येत राहिला आणि प्रत्येकाचं पोट बोलू लागलं. रामचंद्र दोनदा बाहेर जाऊन जीपला टेकून आला. किरण समईकडे बघत बसला होता. त्याच्या मनात काय चाललं होतं देव जाणे, पण एकदा त्याने उठून आईपुढे पाण्याचा तांब्या ठेवला, आणि तिने तो घेतला नाही तसा परत नेला.

साडेबाराला डावी कळी हलली. देठाकडून सुटून ती खांद्यावरून थोडी खाली आली आणि लोंबकळत राहिली. उजवी ओलीचिंब, जशीच्या तशी. कमलाक्षीने ते बघितलं. बरं. देवी नाही म्हणते. आपणच तिला नाही म्हणायला शिकवलं. तिने पदर खांद्यावर घेतला आणि समईत तेल घालायला उठायच्या बेतात होती.

तेवढ्यात कदेल करकरली. कृष्णनाथ उठत होते. किरण धरायला धावला तर त्यांनी डाव्या हाताने त्याला बाजूला केलं. एक पाय ओढत, भिंत धरत ते देवघराच्या दाराशी गेले. आत वाकले. त्यांना वाकताना बघून सगळ्यांना वाटलं आता पडणार. ते पडले नाहीत. त्यांनी डावा हात लांब केला आणि देवीच्या उजव्या खांद्यावरची ओली कळी सगळ्यांच्या देखत उचलली.

मग वळून ती कमलाक्षीच्या तळहातावर ठेवली.

"उ-उजवो," ते म्हणाले. तोंडातून लाळ आली, त्यांनी पुसली. "उजवो पडलो."

आयुष्यभर सोवळ्याशिवाय देवघराचा उंबरठा न ओलांडलेला हा माणूस. दरवर्षी सोमाजीची हकिकत वाचताना ज्याची छाती फुगायची, तो. रामचंद्राने भटजींकडे बघितलं.

भटजींनी चष्मा काढला, पंच्याला पुसला, परत लावला. "पडला म्हणतात तर पडला," ते म्हणाले. "घरचा कर्ता सांगतोय. माझी नजर तशी आताशा कमीच आहे."

"दादा..." रामचंद्र म्हणाला.

कृष्णनाथांनी धाकट्या भावाकडे बघितलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, आणि या वेळी कोणी मध्ये बोललं नाही.

"पुरो," ते म्हणाले. "आता पुरो, रामा."

रामचंद्राने मान खाली घातली. "तू सांगलंस म्हणजे झाला," तो हळूच म्हणाला. मग घसा साफ करून, जरा मोठ्याने, "उजवो पडलो, व्हय. मीय बघलंय."

कमलाक्षी कळी मुठीत धरून उभी होती. तिला रडू आलं ते आनंदाचं नव्हतं. नवऱ्याला हे जमत होतं, इतकी वर्षं जमत होतं, हात लांब करायचाच काय तो अवकाश होता, याचं ते रडू होतं. दोन्ही हात धड होते तेव्हा का नाही केलं रे? पण ती हे बोलली नाही. ते भिंत धरून थरथरत उभे होते, आणि तिने जाऊन त्यांना कदेलीवर बसवलं. मग ओटी भरून, नारळ ठेवून, भटजींनी जे काय म्हणायचं ते म्हटलं, आणि गंगाबाईचा नवस फिटला.

"पानां घेतंय," सरस्वती पदर खोचत म्हणाली. "वैनी, तुमी बसा. आज मी वाढतंय."

"तुझे पाय?"

"मरांदेत पाय."

कमलाक्षी बसली. भर दुपारी, नवमीच्या दिवशी, पुरुषांच्या पंगतीत, नवऱ्याच्या शेजारी. पानात वाफाळता भात पडला, त्यावर खतखतं. तिने घास घेतला आणि तशीच थांबली.

"ह्या अळणी आसा," ती म्हणाली.

सगळे निमूट जेवत होते.

"किरण, मीठच नाय ह्याका. तुका कळूक नाय?"

"नवमीचं खतखतं अळणीच असतं ना, आई," किरण म्हणाला. "लहानपणापासून असंच खातोय. मला वाटलं, तीही आपली रूढीच."

"मीय तसाच समजतंय," रामचंद्र म्हणाला. "साखळीक आमीसुद्धा नवमीक मीठ कमीच घालतंव."

कमलाक्षीने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. चौतीस नवम्या तिने उपाशीपोटी, चाखून न बघता अंदाजाने मीठ घातलं होतं, संध्याकाळी दूधभात खाऊन चटईवर कलंडली होती, आणि चौतीस वर्षं या घरातल्या माणसांनी ते मुकाट्याने गिळून त्याचा धर्म केला होता. तिला हसू फुटलं. मोठ्याने, पोट धरून, घास खाली ठेवून ती हसत राहिली आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं.

"सरस्वती," ती म्हणाली, "मीठ घेवन ये गो. सगळ्यांक वाढ."